पंचांचं नाणं आणि तेलिणीचा बैल

फार फार जुनी गोष्ट. एका गावात एक पंच होते; ते निवाडे करून करून वैतागले होते. निवाडा कसाही दिला तरी हरणारा म्हणे, पंचांनी आपल्या माणसाची बाजू घेतली. शेवटी त्यांनी एक तांब्याचं नाणं आणलं आणि यापुढे प्रत्येक तंटा छापा-काट्यावर मिटेल, असं जाहीर केलं.

सुरुवातीला सगळे खूश. पाणवठ्यावर पहिला घडा कोणाचा, जत्रेत पुढचं दुकान कोणी मांडायचं, असली भांडणं चुटकीसरशी सुटू लागली. गावातली तेलीण तर नाण्याचं तोंडभर कौतुक करायची. बिचारी एकटी होती. एक घाणा आणि तो फिरवणारा एक बैल, एवढाच तिचा संसार.

एके दिवशी शेजारचा गाडीवान उठला आणि म्हणू लागला, हा बैल माझा. तेलीण हसलीच. वासरू असल्यापासून तिने त्याला वाढवलेलं अख्ख्या गावाने पाहिलं होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा, एवढंच तिने पंचांना विनवलं.

पंच म्हणाले, "विचारायला गेलं की बाजू घेतल्यासारखं होतं, बाई. नाणं कोणाची बाजू घेत नाही."

नाणं उडालं आणि तेलीण जिंकली. घरी येऊन तिने देवापुढे साखर ठेवली.

गाडीवानाचं यात काय गेलं? काहीच नाही. आठ दिवसांनी तो पुन्हा आला. तेलीण पुन्हा जिंकली, पण या वेळी तिला घास गोड लागला नाही. तिसऱ्या खेपेला ती हरली. गाडीवानाने बैल सोडून नेला आणि त्याच दिवशी लांबच्या बाजारात विकून टाकला.

"पंचदादा," तेलीण म्हणाली, "मला दर वेळी जिंकावं लागत होतं. त्याला एकदाच पुरे होतं."

पंचांनी नशिबाला दोष दिला आणि ते जेवायला गेले.

तेलिणीने स्वतःच्या खांद्यावर जू घेऊन घाणा ओढून पाहिला. खांदा सोलून निघाला, तेल काही निघेना. घरात चूल पेटेनाशी झाली. मग एका सकाळी ती पंचांच्या अंगणात गेली आणि त्यांच्या दुभत्या गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "ही गाय माझी आहे. उडवा नाणं."

पंच रागाने लाल झाले. त्या दिवशी नाणं कनवटीलाच राहिलं आणि साक्षीदार बोलावले गेले. बैलाच्या वेळी मूग गिळून बसलेले शेजारी आता एकमेकांच्या पुढे होऊन सांगू लागले की गाय पंचांचीच. निवाडा अगदी खरा झाला. खोटा दावा केला म्हणून तेलिणीला गावाबाहेर काढण्यात आलं.

तिच्या घाण्याच्या जागेवर गाडीवान आपली गाडी उभी करू लागला. आणि पंच दुसऱ्या दिवशी पुन्हा पारावर बसून लोकांच्या भांडणांसाठी नाणं उडवत होते.

तात्पर्य : खरं-खोटं न तपासणारा न्याय लबाडाला निम्मा हिस्सा फुकट देतो.