ओट्यावरची विळी

"सर, ज्याच्या कुकरचं झाकण उघडत नाही त्याला नोकरी, आणि मला नकार? हा कुठला न्याय?"

प्रज्वला मगदूम दारातूनच बोलत आत आली. एक चप्पल उंबऱ्यापाशी, दुसरी कुठं उडाली ते तिलाही ठाऊक नाही. लॅपटॉपची पिशवी अजून खांद्यालाच होती.

हुपरीकर सर खिडकीशी खुर्ची ओढून पेरू कापत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी काहीतरी विचारतेय, सर!" ती थेट त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"जरा सरक," सर म्हणाले. "उजेड अडतोय."

आता सांगा, पोरगी इचलकरंजीहून पहिल्या एसटीनं तळतळत येते, आणि तिला काय ऐकायला मिळतं, तर सरक! प्रज्वला सरकली. पण अशी काही सरकली की शेजारचं स्टूल आडवं झालं. तिनं ते उचललंही नाही.

हुपरीकर सरांनी अर्धं आयुष्य कारखान्यांसाठी वस्तू योजण्यात घालवलं होतं. बादलीची कडी, शिलाई मशीनचं चाक, हापशाचा दांडा. मग कॉलेजात शिकवलं. निवृत्तीनंतरही दर रविवारी सकाळी कोल्हापुरातल्या त्यांच्या घरी जुने-नवे विद्यार्थी आपलं काम घेऊन यायचे. पण तिथं एक रीत होती. सर काम बघायचे नाहीत. आधी एकच शब्द म्हणायचे... "ठेव."

म्हणजे तू जी वस्तू योजलीस ती या घरात कुठं राहील, ते ठरव. चित्र घे आणि तिथं नेऊन ठेव. दिवा असेल तर भिंतीशी, बादली असेल तर मोरीत. मग बोलू.

प्रज्वलाला ही रीत पाठ होती. आज तिला त्या रीतीचाही राग आला होता.

"रुचिरचं चित्र बघितलंत तुम्ही?"

"बघितलं."

रुचिर शहापुरे तिच्याच वर्गातला. त्यानं संगणकावर कुकरचं मॉडेल केलं होतं आणि मग त्याचं रेंडर काढलं होतं. मॉडेलला रंग, धातूची चकाकी, उजेड-सावली असं सगळं चढवून अगदी फोटोसारखं चित्र काढायचं, त्याला रेंडर म्हणतात. आपल्या कामांची अशी चित्रं एका वहीसारखी जुळवून कंपन्यांना पाठवायची, म्हणजे झाला पोर्टफोलिओ. त्यावर नोकऱ्या मिळतात.

"पांढराशुभ्र संगमरवर!" प्रज्वला बोटं मोडत म्हणाली. "त्यावर कसल्याशा विलायती पाल्याची काडी. मागं धुकं. आणि कुकरवर दवाचे थेंब! अहो, गरम कुकरवर दव येतं कुठून? कुणाच्या घरी बघितलंय यानं?"

सरांनी पेरूतली अळी काढून खिडकीबाहेर टाकली.

"आणि झाकण फिरवायला जाल तर शिट्टी मुठीला अडते. मी त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. तर म्हणतो कसा, चित्रात कुठं फिरवायचंय?"

"असं म्हणाला?"

"हसून म्हणाला, सर! आणि त्याला घेतलं. आणि मला काय कळवलं त्याच लोकांनी? काम समजलं, पण बघत राहावंसं वाटलं नाही. बघत राहावंसं! मी काय नाटक पाठवलं होतं?"

हे बोलताना तिचा आवाज चिरकला. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि खरं सांगायचं तर जाण्यासारखंच होतं. तिनं वर्षभर खपून विळी केली होती. उभ्यानं वापरायची विळी. आईचे गुडघे गेले, खाली बसणं बंद झालं, आणि जन्म विळीवर गेलेला, त्यामुळं सुरीला हात बसेना. म्हणून ओट्याच्या कडेला स्क्रूनं आवळायची, काम झालं की पातं मिटून घ्यायची, अशी विळी तिनं योजली. एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये दिवसदिवस उभं राहून एक खरी विळी करूनही घेतली. पोर्टफोलिओत मात्र तिनं संगणकातलं करड्या रंगाचं साधं मॉडेल आणि मापांची रेखाटनं तेवढी लावली. चकाकी नाही, पाला नाही, दव तर नाहीच नाही. काम आपणहून बोललं पाहिजे, असं ती सगळ्यांना ऐकवायची.

दोन ठिकाणांहून ते न बोलताच परत आलं होतं. तिसरी कंपनी पुण्याची. आज संध्याकाळच्या आत पाठवायचं होतं, आणि यानंतर चौथी कुठली नव्हती. घरी बाबा आता उघड उघड म्हणायला लागले होते, हे नाद पुरे झाले, बँकेच्या परीक्षा दे.

"आई वापरते विळी?" सरांनी विचारलं.

"वापरते. दोनदा बोट कापून घेतलं."

"हं..."

"तिचं लक्ष नसतं, सर. बाहेर मालिका चालू असते. इतकी वर्षं विळीवर भाजी चिरली, आणि आता म्हणे अंदाज येत नाही. मी सांगितलं तिला, आई, जरा लक्ष देत जा."

सरांनी पेरूची एक फोड तिच्यापुढं धरली. तिनं घेतली नाही.

"मला माहितेय तुम्ही काय सांगणार ते. रंग चढव, चकाकी चढव, चार लोकांसारखं कर. मी नाही करणार. ती फसवणूक आहे."

"त्याचा कुकर उघडत नाही," सर म्हणाले.

"बघा! तुम्हालाही दिसलं ना!"

"पण तो कशावर तरी ठेवलाय."

प्रज्वलानं खांद्यावरची पिशवी उतरवली.

"ठेव," सर म्हणाले.

प्रज्वलानं लॅपटॉप जवळजवळ आपटलाच टेबलावर. मॉडेल उघडलं. करड्या रंगाची विळी, मागंही करडं, खालीही करडं. ना जमीन, ना भिंत. सर वाकून बघत राहिले.

"ही कशावर आहे?"

"कशावर नाही. मॉडेल असंच असतं, सर. तुम्हाला काय सांगायचं!"

"लोंबकळतेय."

"कुठंही ठेवा. कुठल्याही ओट्याला बसते. तीच तर खुबी आहे तिची!"

"कुठल्याही ओट्यावर कुणी स्वयंपाक केलेला मी बघितला नाही." सर खुर्चीत मागं टेकले. "कुणासाठी केलीस?"

"आईसाठी."

"मग आईच्या ओट्यावर ठेव."

ती चिडून काहीतरी बोलणार होती. पण मग तिला वाटलं, दाखवतेच. एकदा होऊन जाऊ दे. फसवणूक न करता चित्र काढायचं म्हटलं तर काय निघतं, ते बघू दे यांना. दात ओठ खात तिनं कामाला सुरुवात केली.

आईचं स्वयंपाकघर तिला कुणाला विचारावं लागलं नाही. काळ्या कडप्प्याचा ओटा, त्याचा सिंकजवळ टवका उडालेला. पिवळट टाइल्स, त्यांच्यावर डब्यांची फळी. डावीकडं वरती एवढीशी खिडकी, पण शेजाऱ्यांनी भिंत उठवल्यापासून ती असून नसल्यासारखीच, म्हणून दिवसाढवळ्याही ट्यूब लावावी लागते. ती ट्यूब मागच्या भिंतीवर, दाराच्या वर. प्रज्वलानं सगळं जिथल्या तिथं मांडलं. विळी ओट्याच्या कडेला आवळली. शेजारी एक वांगं ठेवलं, कारण आई वांगी चिरताना नेहमी गुणगुणते.

मग रेंडरची कळ दाबली.

पडद्यावर आधी नुसता रवा सांडल्यासारखे ठिपके आले. ठिपके हळूहळू बसत गेले... कडप्पा ओलसर काळा दिसू लागला. टवका दिसला. पात्याच्या वळणावर ट्यूबची एक पांढरी रेघ उमटली आणि वांग्याचा जांभळा रंग पात्यात उतरला.

प्रज्वला बघत राहिली.

"अरे..." ती म्हणाली.

बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की आपण बघत राहिलोय. तिला थोडी लाज वाटली, पण आनंद लाजेपेक्षा मोठा होता. आईचा ओटा इतका देखणा असेल, हे तिला कधी सुचलं नव्हतं.

"यात खोटं काही नाही, सर. एक गोष्ट खोटी नाही. हेच पाठवते." ती पाठवायच्या तयारीला लागलीसुद्धा.

"आई कुठाय?"

"काय?"

"ओटा आहे. विळी आहे. वांगंही आहे." सर म्हणाले. "आई कुठाय?"

"अहो, वस्तूच्या चित्रात माणसं कशाला? त्या लोकांना वस्तू बघायचीय."

पेरूची फोड पुन्हा तिच्यापुढं आली.

काय हा हट्टी म्हातारा, असं तिच्या मनात आलंच. तिनं फणकाऱ्यानं संगणकातला एक तयार मानवी पुतळा उचलला, आईइतका उंच केला, खांद्यात जरा वाकवला, आणि ओट्यापुढं उभा केला. एक हात पात्याशी नेला. बघणाऱ्याची नजर आईच्या डोळ्यांपाशी आणून ठेवली. पुन्हा कळ दाबली.

पुन्हा रवा. पुन्हा ठिपके बसत गेले. टाइल्स आल्या, टवका आला, वांगं अर्धंमुर्धं आलं.

पात्याच्या जागी काळं होतं.

"अजून व्हायचंय," ती म्हणाली.

"हं."

ती थांबली. बाकीचं चित्र स्वच्छ होत गेलं. काळं तसंच राहिलं.

प्रज्वला पडद्याजवळ वाकली. आईच्या पाठीमागं ट्यूब होती, आणि ट्यूबच्या उजेडात उभ्या आईची अख्खी सावली पुढं, नेमकी पात्यावर पडली होती. पातं कुठं संपतं आणि बोट कुठं सुरू होतं, ते काही केल्या कळत नव्हतं.

आई खाली बसून चिरायची तेव्हा मागच्या दाराकडं तोंड करून बसायची. अंगणातला सगळा उजेड तिच्या हातांवर असायचा. आपण तिला उठवलं, ओट्यापाशी उभं केलं, आणि तिची पाठ उजेडाकडं केली. ती सांगत होती, अंदाज येत नाही गं. दोनदा सांगितलं तिनं. आणि आपण तिला काय म्हणालो...

राग होता तेवढाच होता. फक्त आता तो रुचिरवर काढता येत नव्हता आणि कंपनीवरही काढता येत नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं!" ती सरांवर ओरडली.

"मी तुमचं घर बघितलेलं नाही," सर म्हणाले.

खरंच की. बघितलं होतं ते तिनं. रोज.

भिंतीवरचं घड्याळ पुढं सरकत होतं. विळी नव्यानं योजायची म्हणजे संध्याकाळ काय, महिनाही पुरला नसता. आणि पुणं हातचं गेलं की मग बँकेच्या परीक्षा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं म्हणून ती आणखी चिडली. तिचा हात आपसूक माउसवर गेला.

"समोरून एक दिवा टाकते," ती भराभर बोलू लागली. "वरच्या फळीखाली. एक कळ दाबली की झालं. सावली जाईल, पातं दिसेल. सगळेच टाकतात, सर. असे दिवे टाकल्याशिवाय रेंडर होतच नाही. आणि शेवटी चित्रच तर आहे, चित्रात कुठं भाजी चिरायचीय..."

हे वाक्य तिनं कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. हसून म्हटलेलं.

पण बोटानं कळ दाबली होती. पडद्यावर रवा सांडला, बसत गेला, आणि फळीखालून ऊबदार पिवळा उजेड पात्यावर उतरला. आईचं बोट आणि पात्याची धार, दोन्ही लख्ख वेगळी दिसू लागली. मघाच्यापेक्षाही चित्र देखणं झालं होतं. पुण्याच्या लोकांनी नक्की बघत राहावं, असं.

प्रज्वला सरांकडं वळली. नाक लाल, हनुवटी वर.

"बोला की आता! म्हणा, तू आणि रुचिर सारखेच! म्हणा ना!"

सरांनी चाकू पुसला, मिटला. उठून आडवं पडलेलं स्टूल सरळ केलं. मग तिच्या मागं उभं राहून चित्राकडं पुष्कळ वेळ बघितलं...

"काढू दिवा?" तिनं खालच्या आवाजात विचारलं.

"छे, राहू दे. छान पडलाय उजेड," सर म्हणाले. "पाठवायच्या आधी तेवढा आईच्या ओट्यावर लावून ये."