सशांचा पट्टा

एका शहराच्या पाठीशी तीन टेकड्या होत्या. तिन्ही मिळून शहराचं एकच मोठं उद्यान. मधल्या टेकडीवर एक सशीण नुकतीच नांदायला आली होती. बोलायची कमी, बघायची फार. सासूने तिला घरची रीत आल्या आल्या शिकवली. थंडी सरत आली, की सगळ्या सशांनी मिळून प्रत्येक टेकडीभोवती गवताचा एक पट्टा मुळापर्यंत कुरतडून उघडा करायचा. पूर्वी दर उन्हाळ्यात वणव्याने या टेकड्या बोडक्या व्हायच्या. सशांनी पट्टा राखायला सुरुवात केली, आग तिथे अडू लागली, तेव्हा कुठे झाडं उभी राहिली आणि मागाहून उद्यान झालं.

पण उद्यानाचा इतिहास सांगायचं काम पुढच्या टेकडीवरच्या मोराकडे होतं, कारण पिसारा त्याचा. तो पाखरांना सांगे, की आपले पणजोबा इथे नाचले आणि त्यांच्या पावलांखालून रान उगवलं. ससे? ते नुसते खादाड, हिरवळीला लागलेली कीड. यंदा तर त्याने सभा भरवून फर्मान काढलं, की तो उघडा पट्टा टेकड्यांना शोभत नाही, यापुढे एकाही सशाने त्याला तोंड लावायचं नाही. म्हातारे ससे कान पाडून बसले. सशिणीच्या अंगाची लाही झाली. तिने हळूच विचारलं, की आग आली तर?

"सूनबाई, कालच आलात ना?" मोर म्हणाला. "आधी घरातल्यांची नावं पाठ करा."

सगळी सभा हसली. ज्यांची घरटी त्या पट्ट्यामुळे वाचली होती, तीही पाखरं हसली.

घरी सासूने गप्प राहायला सांगितलं. सशीण गप्पच राहिली. तोंड गवतात असल्यावर बोलणार कशी? भर दुपारी मोर डुलकी घेऊ लागला, की ती कुरतडायला बसे. मग शेजारी सासू येऊन बसली, मग एकेक करत सगळे ससे. मधल्या आणि मागच्या टेकडीचा पट्टा पुरा झाला. पुढची टेकडी मोराच्या नजरेखालची. तो झोपायचाही तिथेच, जरा गवत खसखसलं की जागा व्हायचा, म्हणून तिथे कुणाला पाऊल टाकता आलं नाही.

चैत्रात वणवा पेटला. पुढची टेकडी बघता बघता काळी झाली. पाखरं उडाली म्हणून वाचली, घरटी गेली. मधल्या टेकडीच्या पट्ट्यापाशी येऊन मात्र आग उपाशी मेली. मोर तिथेच आश्रयाला आला. सशांनी त्याला सावलीतली जागा दिली. आणि संध्याकाळ व्हायच्या आत तो पाखरांना सांगत होता, की मोरांनी पंख झोडपून आग कशी विझवली!

या वेळी सशीण हळू बोलली नाही. "मोरकाका, गोष्ट सांगा," ती म्हणाली, "पण तिकडे त्या राखेत उभं राहून सांगा."

कुणी हसलं नाही. पाखरांनी काळ्या टेकडीकडे पाहिलं, मग सुक्या गवताने फाटलेल्या सशांच्या ओठांकडे पाहिलं, आणि सगळी पाखरं मोरापुढून उठून सशांच्या शेजारी जाऊन बसली.

तात्पर्य : राखणाऱ्याला वगळून सांगितलेला इतिहास खोटा तर असतोच, शिवाय तो पुढच्या वणव्याला वाट करून देतो.