सदतीस शून्यं

"बुवा, यंत्र कधी चुकतं का?"

चिंतूबुवा मठाच्या ओसरीवर वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तू सांग. नारळ तू फोडलास."

मोरेश्वर टेंभेकर ओशाळला. तालुक्याचा गटशिक्षणाधिकारी तो. गोळे रंगवलेल्या उत्तरपत्रिका यंत्राकडून तपासून घ्यायचा पहिला प्रयोग त्यानेच मागून आणला होता. यंत्राला हळदकुंकू वाहून, 'माणसं चुकतात, हे चुकत नाही' असं भाषणही ठोकलं होतं. लहानपणी पाटीवर अक्षरं गिरवायला मात्र त्याला बुवांनीच शिकवलं होतं.

"एका शाळेच्या सगळ्या सदतीस मुलांना शून्य आलंय," तो म्हणाला. "सोमवारी निकाल. नापासांना पुन्हा पाचवीत बसवायचं ठरलंय."

"मग?"

"बातमी फुटली. आज एक मुलगी शाळेच्या जिन्याखाली लपलेली सापडली. घरी जायला तयार नाही. बाप मारेल म्हणते... थरथरत होती, बुवा."

"कागद बघितलेस?"

मोरेश्वरने पिशवीतला गठ्ठा मांडीवर घेतला. दोरीची गाठ तशीच होती.

"धीर होत नाही. चूक निघाली तर प्रयोग बुडाला. वरिष्ठांना काय तोंड दाखवू? नोकरीवर गदा येईल..."

बुवांनी वात खाली ठेवली.

"कागद हातात आल्यावर पोरांनी आधी काय केलं?"

"गोळे रंगवले."

"त्याच्या आधी?"

"ठाऊक नाही... मी यंत्रापाशी होतो."

बुवांनी एक कोरा कागद आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं.

"तुझा प्रश्न यावर लिही."

मोरेश्वरने पेन टेकवलं. सवयीने आधी वर मधोमध 'श्री' लिहिलं, मग प्रश्न लिहू लागला.

बुवांनी त्या 'श्री'वर बोट ठेवलं.

मोरेश्वरने घाईने गठ्ठा ओढला. गठ्ठ्याची गाठ बोटांनी सुटेना, ती त्याने दातांनी सोडवली. पहिला कागद. दुसरा. दहावा. प्रत्येकावर वर मधोमध एक काळा चौकोन छापलेला होता. कागद कुठून वाचायचा, हे यंत्राला त्या चौकोनावरून कळायचं. आणि प्रत्येक चौकोनाला चिकटून, पेनाने ठसठशीत 'श्री' लिहिलेलं; त्या शाळेची शिस्तच तशी होती. यंत्राला खूण सापडलीच नव्हती. खाली गोळे मात्र मुलांनी जीव लावून रंगवले होते.

त्याने कागद पुन्हा एकावर एक रचले.

"सगळे हातानं तपासावे लागतील," तो कसाबसा म्हणाला. "आणि माझी चूक झाली, असं लिहून द्यावं लागेल. दुसऱ्या कुणाला बसवू का, बुवा? मला फार भीती वाटते..."

बुवांनी पुन्हा वात वळायला घेतली.

"यंत्राला नव्हती वाटत. तूच तपास."