खापर आणि चांदीच्या पायांची शेगडी

कोंडगडच्या राजाला शब्दकोश लिहून घ्यायची हौस आली आणि गाव थंडीनं मेलं! ‘श’पर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. ‘शेगडी’पाशी दोन शास्त्रीबुवा अडून बसले. शंभूशास्त्री म्हणे, “लोखंडी, तीन पायांची, ती शेगडी.” वेंकटशास्त्री म्हणे, “छे! मातीची, जाळीची, तीच!” राजा महाहट्टी. म्हणाला, “अर्थ ठरेपर्यंत कुणी शेगडी पेटवायची नाही. जप्त करा सगळ्या!”

आता शेगडी म्हणजे काय हेच ठरलं नाही, तर शिपायांनी ती ओळखायची कशी? त्यांनी निखारे घातलेलं दिसेल ते भांडं उचललं. साळू कुंभारणीची लेक चिमा पाच दिवसांची बाळंतीण. तिच्या बाजेखालची शेगडी नेली. साळूनं फुटक्या माठाच्या खापरात निखारे घालून ते सरकवलं, तर मेल्यांनी तेही नेलं! लेक कुडकुडतेय, नातवाचे तळवे गारठलेत. साळूनं पदर खोचला आणि तडक सदर गाठली.

“महाराज, बाळंतिणीचा शेक काढून घेता? बाजेखाली आता तुमचा कोश ठेवू?”

“तोंडाळ आहेस!” राजा गरजला. “मग तूच सांग अर्थ. या दोघांना खोट काढता आली नाही, तर सगळ्यांच्या शेगड्या परत. काढली, तर उन्हाळ्यापर्यंत विसरा!”

“सांगते. पण गच्चीवर चला. माझं खापर द्या, आणि तुमची चांदीच्या पायांची शेगडी.”

गच्चीवर वारा असा, की राजाच्या मिशासुद्धा थरथरत होत्या. साळूनं राजाची शेगडी मधोमध मांडली, रिकामीच. खापरात मुदपाकखान्याच्या चुलीतले निखारे भरले आणि ते ठेवलं पार कोपऱ्यात.

“हं बुवा, यातली शेगडी कोणती?”

“ही काय, मधली!” दोघं पहिल्यांदाच एका सुरात बोलले. “ते तर नुसतं खापर!”

“कशावरून? नीट सांगा, मी अडाणी बाई.”

झालं! पाय, जाळी, धातू, घाट... शास्त्रीबुवा सांगत सुटले. बोलता बोलता एक पाऊल कोपऱ्याकडे, मग दुसरं. थोड्या वेळानं दोघं खापराशी उकिडवे, मध्ये खुद्द राजा, आणि सहा तळवे निखाऱ्यांवर!

“थांबा!” साळू कडाडली. “हात हलवायचे नाहीत! जिच्याकडे माणसाचे हात आपसूक जातात, ती शेगडी. काढा खोट!”

वेंकटशास्त्री चाचरत म्हणाले, “अगं, हात तर शेकोटीकडेही जातात!”

“मग उचला शेकोटी आणि माझ्या लेकीच्या बाजेखाली सरकवून दाखवा!”

शंभूशास्त्र्यांनी खोट शोधायला खापर वाकून वाकून न्याहाळलं. हात मात्र काढले नाहीत.

राजा पोट धरधरून हसला. “लिहा कोशात! हात आपसूक जातात आणि बाजेखाली मावते, ती शेगडी! गावाच्या शेगड्या आत्ताच्या आत्ता परत करा. आणि ही चांदीच्या पायांची हिच्या लेकीच्या बाळंतविड्यात घाला. अरे, रिकामी काय उचलता? भरून न्या!”