सबनीसांचा कळफलक

“मग चूक कोणाची, उस्ताद? कळफलकात दोष नाही. यंत्रात दोष नाही. मग उरलं कोण?”

उस्ताद इनामदार बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

“तू उरलास,” ते म्हणाले.

मिहिर सबनीस गप्प झाला. तसा तो सहजासहजी गप्प बसणाऱ्यांतला नव्हता.

उस्तादांनी मिरजेत उभा जन्म इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यावर सतारवाल्यांच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या आणि लोकांनी माळ्यावर टाकून दिलेले रेडिओ, टेपरेकॉर्डर, जुने संगणक जिवंत करत बसले. मिहिर त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. असं उस्ताद कधी म्हणाले नव्हते, पण मिहिरला ते पक्कं ठाऊक होतं.

वर्गात उस्तादांची एक रीत होती. एखाद्याने न विचारता यंत्राला हात घातला, किंवा दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मध्येच आपण ठोकून दिलं, की ते म्हणायचे, “हातांवर बस.” मग तळहात मांड्यांखाली दाबून बाकावर बसायचं आणि पुढचं सगळं नुसतं बघायचं. सगळ्यांत हुशार विद्यार्थ्याचं निम्मं शिक्षण असं हातांवर बसूनच झालं होतं.

खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत मिहिरचे वडील बसले होते. भालचंद्र सबनीस, हायस्कुलात गणित शिकवायचे. दिवाळीच्या आधी अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, पण जीभ साथ देत नाही. उजव्या हाताची बोटं तेवढी हलायची, तीही थरथरत.

“सबनीस, चहा घेणार?” उस्तादांनी विचारलं.

“नको त्यांना,” मिहिर म्हणाला. “ठसका लागतो.”

उस्तादांनी एकदा मिहिरकडे पाहिलं... मग पुन्हा चहा फुंकू लागले.

टेबलावर तो जुना घरगुती संगणक पडला होता. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून प्रोग्रॅम चढवायचा, त्या काळातला. सबनीस मास्तरांनी हौसेने घेतला होता. शाळेतून आले की त्याच्यापुढे बसायचे आणि जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत. पुढे त्याच्या रबरी बटणांखालचा प्लास्टिकचा पापुद्रा तडकला, बटणं मुकी झाली आणि यंत्र कपाटात गेलं.

आजारपणात मिहिरने पाहिलं होतं, वडिलांची बोटं चादरीवर सारखी काहीतरी दाबत असतात. त्याने टॅबलेट आणून दिला. बोट काचेवर नुसतं घसरत गेलं आणि मास्तरांनी तोंड फिरवलं. मग मिहिरला ती बोटं ओळखीची वाटली. जेवायची हाक न ऐकणारी बोटं हीच.

आणि त्याने कळफलक करायला घेतला. पापुद्र्याच्या जागी प्रत्येक अक्षराला वेगळा स्विच, प्रत्येकात स्प्रिंग, खाली पोलादी पत्रा. जुन्या कळफलकाची तारांची जाळी होती तशीच विणली. कळ दाबली की असा काही टक्क आवाज यायचा की दाबणाऱ्याला पुन्हा दाबावीशी वाटावी. फोटो टाकले तेव्हा देशोदेशींच्या जुन्या संगणकांच्या वेड्यांनी वाहवा केली. खरं सांगायचं तर, वाहवा करण्यासारखंच काम होतं ते.

वडिलांसमोर ठेवलं. मास्तरांचे डोळे लकाकले. थरथरतं बोट पुढे आलं, एक कळ दाबली... आणि पडद्यावर त्यांनी न लिहिलेला अख्खा शब्द उमटला. पुन्हा दाबली, दुसरा शब्द. तिसऱ्यांदा काहीच नाही.

मास्तरांनी हात मागे घेतला आणि चादरीखाली घातला. त्या दिवसापासून बोटं चादरीवरही हलेनाशी झाली.

तेव्हापासून मिहिरला झोप नव्हती. आज हात पुढे आला नाही तर पुन्हा कधी येणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं.

“यात काय बसवलंयस?” उस्तादांनी कळफलक उलटा करून विचारलं.

मिहिरची कळी खुलली. “चिप. तिथेच तर सगळी गंमत आहे. बाबांचा हात थरथरतो ना, एक कळ दोनदा दाबली जाते. चिप ती थरथर गाळून टाकते. आणि एका अक्षरावरून अख्खा शब्द ओळखून स्वतःच पुरा करते. त्यांना कष्ट नकोत.”

“बरंच शिकवलंयस तिला.”

“चार महिने.”

“आणि ती बरोबर ओळखते?”

“त्यांना काय लागतं ते मला माहीत आहे ना, उस्ताद. पाणी, औषध, कूस बदलायची, पंखा बंद करायचा. ते सगळं भरलंय तिच्यात.”

उस्ताद उठले. त्यांनी कळफलक बाजूला ठेवला, लांब, फडताळावर, आणि कळफलकाविनाच यंत्र सुरू केलं. टीव्हीवर काळ्या पडद्यात एक चौकोनी ठिपका लुकलुकू लागला.

“काय करतंय?”

“काही नाही,” मिहिर म्हणाला. “कळफलकच नाही, तर काय करणार? रिकामं बसलंय.”

समोरच्या दुकानात कोणीतरी सतारीची एकच तार पुन्हा पुन्हा छेडून खुंटी पिळत होतं. उस्तादांनी खणातून तारा लोंबणारा एक छोटा स्पीकर काढला आणि त्याची तार यंत्रातल्या एका टोकाला टेकवली. कळफलक जोडायची ती जागा. आता तिथे काहीच जोडलेलं नव्हतं.

घूंऽऽऽ...

बारीक, अखंड आवाज आला. बंद खोलीत भुंगा अडकावा तसा.

मिहिर पुढे झुकला. “हे काय?”

“विचारतंय.”

“कोण?”

“यंत्र. प्रत्येक कळीला विचारतंय, कोणी आहे का? कोणी आहे का? तू श्वास आत घेशील तेवढ्यात शंभरदा विचारून होतं. कळफलक असो, नसो. सुरू असेपर्यंत दुसरं काही करत नाही ते.”

मिहिरला हे माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले होते. पण ऐकलं कधी नव्हतं. त्याच्या अंगावर काटा आला. आपल्याला वाटायचं, माणूस सांगतो आणि यंत्र ऐकतं. इथे तर यंत्रच विचारत बसलंय, आणि समोर कोणी नाही तरी थांबत नाही.

खुर्चीत मास्तरांनी मान वळवली होती. तेही ऐकत होते.

उस्तादांनी कुडत्याला लावलेली सेफ्टी पिन काढली. “आता बघ.”

पिनेचं एक टोक त्यांनी एका तारेला लावलं, दुसरं दुसऱ्या तारेला. क्षणभरच.

पडद्यावर अक्षर उमटलं.

ना स्विच, ना स्प्रिंग, ना पोलादी पत्रा. एक पिन. मिहिर त्या अक्षराकडे बघतच राहिला. इतकी वर्षं यंत्रांशी झटण्यात काढून त्याला लहान मुलासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली नाही.

“कळफलक म्हणजे एवढंच,” उस्ताद म्हणाले. “त्याला काही सांगायचं नसतं. यंत्राने विचारलेलं जाऊ द्यायचं आणि उत्तर परत येऊ द्यायचं.”

...

“तुझी चिप काय करते म्हणालास?”

मिहिरने फडताळावरच्या कळफलकाकडे पाहिलं.

“यंत्र विचारतं सबनीसांना,” उस्ताद म्हणाले, “आणि उत्तर कोण देतं?”

मिहिर खाली बघत होता. ठसका लागतो, नको त्यांना, हे आपलंच मघाचं बोलणं त्याच्या कानात वाजलं. बाबा दमलेत. बाबांना गर्दी सोसत नाही. बाबांना आता गणितात रस नाही. चार महिने चिपेला शिकवायच्या कितीतरी आधीपासून तो हेच करत आला होता. त्याला फार वाईट वाटलं.

“काढू?” त्याने विचारलं.

“मला काय विचारतोस?”

मिहिर उठला आणि कळफलक घेऊन वडिलांसमोर उकिडवा बसला. त्यांना असं काही विचारून किती काळ लोटला होता, ते त्याला आठवेना. शब्दही नीट सुचेनात.

“बाबा, मधली चिप काढून टाकू का?”

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. पाहत राहिले. मिहिरच्या जिभेवर चार वाक्यं आली, ती त्याने मोठ्या कष्टाने गिळली... बराच वेळ गेला. मग मास्तरांची मान किंचित खाली झुकली.

मिहिरने सोल्डरिंगची सळई तापवली आणि चिपेचे टाके एकेक करून सोडवले. आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम आपल्याच हाताने उसवताना जीव तुटत होता, पण हात थांबला नाही. जाळीच्या तारा त्याने थेट यंत्राला जोडल्या. मध्ये आता कोणीच नव्हतं.

“आता हात थरथरला तर एकेक अक्षर दोनदा उमटेल,” तो म्हणाला.

“उमटू दे.”

खुर्ची टेबलाशी आणली. कळफलक मास्तरांपुढे ठेवला. उस्तादांनी स्पीकरची तार काढली नव्हती. घूंऽऽऽ चालूच होतं. ठिपका लुकलुकत होता.

मास्तरांचा हात मांडीवरच होता.

मिहिरला राहवेना. वडिलांचा हात उचलून कळांवर ठेवावा म्हणून तो पुढे झाला, आणि उस्तादांकडे नजर गेली. ते त्याच्या हातांकडे बघत होते.

मिहिर मागे सरकला. स्टुलावर बसला. तळहात मांड्यांखाली घातले.

यंत्र विचारत होतं... सतारवाला समोर तार छेडत होता... मास्तर ऐकत होते.

हात उठला.

बोट कळांवरून न बघता फिरलं, एका जागी थांबलं. पाहायची त्यांना गरजच नव्हती, इतक्या वर्षांनी त्या बोटाला जागा पाठ होती.

टक्क. टक्क.

पडद्यावर के उमटलं. लगेच शेजारी दुसरं के. जास्तीचं अक्षर पुसावं म्हणून मिहिरचे हात शिवशिवले, त्याने ते आणखी दाबून धरले.

मग ए.

इंग्रजी अक्षरांत मराठी. यंत्राला देवनागरी कुठून येणार?

“कपडे बदलायचेत?” मिहिरच्या तोंडून निघालंच.

उस्तादांनी ओठांवर बोट ठेवलं.

एस. पुन्हा एस.

कसंतरी होतंय, मिहिरच्या मनात आलं. कसंतरी होतंय बाबांना, घरी न्यायला हवं. तो स्टुलावरून अर्धा उठला... आणि पुन्हा हातांवर बसला. जन्मात एवढं अवघड काम त्याने केलं नव्हतं.

मास्तरांनी ए दाबलं. मग लांब पट्टी, मोकळी जागा सोडायची. बोट दमलं होतं. ते टेबलाच्या कडेला टेकवून त्यांनी श्वास घेतला, पुन्हा उचललं. ए. एच. ई. आणि एस, ते तीनदा उमटलं. शेवटी त्यांनी ओळ पुरी करायची कोपऱ्यातली कळ दाबली. ती मात्र एकदाच, शाळेत फळ्यावर उत्तराखाली रेघ मारायचे तशी ठाम.

पडद्यावर लिहिलं होतं, कसा आहेस. अक्षरं दुणावलेली, वाकडी नाहीत, पण अडखळणारी.

त्याच्या खाली यंत्राने आपल्या भाषेत कळवलं की ही आज्ञा समजली नाही.

मिहिरने ते पुन्हा वाचलं. पाणी नव्हतं त्यात. औषध नव्हतं, पंखा नव्हता. इतके महिने आपण त्यांना काय हवं असेल याचाच अंदाज बांधत होतो. आणि त्यांच्या मनात हे होतं. चादरीवर बोटं हलायची तेव्हाही हेच असेल? रोज?

त्याचे डोळे भरून आले. काहीतरी फार मोठं आपल्यासमोर घडतंय आणि आपण त्याच्या उंबऱ्यावर बसलोय, एवढंच त्याला कळलं.

“उस्ताद,” तो कसाबसा म्हणाला, “चालला. कळफलक चालला.”

“कळफलकाचं नंतर बघू.”

मिहिर वडिलांकडे वळला. हसला.

“मी मजेत, बाबा. एकदम मस्त. काही काळजी करू नका.”

सगळं पटकन आलं, जसं फोनवर कोणालाही सांगायचा तसं.

मास्तरांनी त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. बोट कळफलकावरच होतं.

पडद्यावरचा ठिपका लुकलुकत राहिला... घूंऽऽऽ...

मिहिरचं हसू हळूहळू उतरलं.

उस्तादांनी गार झालेली बशी उचलली.

“अजून विचारतायत,” ते म्हणाले.