दीड मैलाची वाट

कॅलिफोर्नियातल्या एका लहानशा गावात स्कूल बोर्डाच्या मनात आलं, की टेकडीखालची सरकारी शाळा बंद करायची आणि तिथल्या मुलांना हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत धाडायचं. बस मिळणार नव्हती.

बोर्डाचे अध्यक्ष प्रेस्कॉटसाहेब म्हणजे घरासमोरच्या टपालपेटीपर्यंतही गाडीने जाणारा माणूस! त्याच लहान शाळेच्या हॉलमध्ये भरलेल्या सभेत ते म्हणाले, "दीड मैल तर आहे. चालतील की! हल्लीच्या मुलांना चालायची सवयच राहिलेली नाही."

नियमाप्रमाणे प्रत्येक पालकाला बोलायला दोनच मिनिटं होती. पालक तावातावाने उठत, मुद्द्यावर येईपर्यंत घंटा वाजे आणि साहेब गोड हसून म्हणत, "धन्यवाद. पुढचे कोण?"

शेवटी वैजयंती खानोलकर उठल्या. त्यांची मुलगी त्याच शाळेत पहिलीत होती.

"साहेब, तुमचं म्हणणं मला पटलं," त्या म्हणाल्या. बाकीचे पालक अवाक झाले. "बाहेर अजून चांगला उजेड आहे. आपण सगळेच आत्ता ती मोठी शाळा बघून येऊ. चालत. तुम्ही पुढे व्हा."

साहेबांनी खिडकीतून हायवेवरच्या पुलाकडे पाहिलं आणि ते दचकलेच. "चालत? त्या पुलावरून? अहो बाई, तिथे फुटपाथ नाही! गाड्या सुसाट येतात. कुणी चिरडलं गेलं तर जबाबदार कोण?"

वैजयंतीबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"माझा वेळ अजून शिल्लक आहे," खाली बसत त्या म्हणाल्या, "पण मला बोलायचं होतं ते साहेबांनीच बोलून टाकलं."