सुगरणीने उसवलेलं घरटं

फार फार पूर्वी, नदीकाठच्या बाभळीवर एका सुगरणीने साऱ्या पाखरांसाठी एकच भलंमोठं घरटं विणलं. धान्य, औषधी मुळ्या, पिल्लांचा सांभाळ, सगळं त्यातच. पाखरं कौतुक करायची आणि सुगरण हरखून जायची.

एकदा धान्याचा कोपरा कुजला. तो बदलायला तिने एक काडी ओढली, तर अख्खं घरटं डगमगलं. घाबरून तिने सगळ्यांना बाहेर काढलं. इतक्यात साळुंकी धापा टाकत आली.

"माझं पिल्लू तापलंय गं! मुळी दे."

"आत कुणी शिरलं तर सगळंच कोसळेल," सुगरण म्हणाली. शेवटी जीव मुठीत धरून तीच आत गेली. पिल्लू वाचलं, पण तिला चैन पडेना.

सकाळी तिने ते घरटं आपल्याच चोचीने उसवायला घेतलं.

"अगं, वेडी झालीस का?" साळुंकी ओरडली.

"वेडी तेव्हा होते, सगळं एकाच घरट्यात कोंबलं तेव्हा," सुगरण म्हणाली.

मग तिने प्रत्येक कामासाठी वेगळ्या फांदीवर वेगळं घरटं विणलं. दारं मात्र सारखीच ठेवली, आणि कुणाचा गोंधळ होऊ नये म्हणून कुठल्याही दारी तीच एक हाक द्यायची, हे सर्वांना शिकवलं.

पुढे वादळात धान्याचं घरटं तुटून पडलं. शेजारच्या फांदीवर पिल्लं गाढ झोपली होती. त्यांच्याकडे एकवार पाहून सुगरण नवं गवत आणायला सावकाश उडाली.